गोल्फ नसलेला गोल्फ क्लब : एका मैदानाचे नाव आणि त्यामागचा इतिहास

#धागा #मैदानांचा_इतिहास

१/ नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यालगत एक विस्तीर्ण मैदान आहे. त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. रिक्षावाल्याला हे नाव सांगितले तर तो क्षणभर थबकतो आणि विचारतो, "म्हणजे गोल्फ क्लब ना?" तेथे आज कोणी गोल्फ खेळत नाही. दाराशी सभासदत्वाचे ओळखपत्रही कोणी मागत नाही. तरीही लोकांच्या जिभेवर नाव टिकले आहे ते गोल्फचेच. मित्रहो, आजचा धागा या एका नावाविषयी आहे.

२/ नगर जिल्ह्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्याने नाशिकच्या मैदानात का शिरावे, असा प्रश्न काहींना पडेल. उत्तर भूगोलात आहे. संगमनेर आणि अकोले या आमच्या उत्तरेकडील तालुक्यांना जिल्ह्याच्या ठाण्यापेक्षा नाशिक जवळ पडते. दवाखाना, लग्नाचा बस्ता, कॉलेजचा प्रवेश, सारे नाशिकला. आणि ज्यांचे आजोळ नाशिकला, त्यांची मे महिन्याची सुट्टीही तिकडेच. मी त्यांपैकी एक.

३/ त्या सुट्ट्यांमधले गोल्फ क्लब मैदान आजही डोळ्यांपुढे उभे राहते. सकाळी सहाला कडेच्या मार्गावर चालणारी वडीलधारी मंडळी आणि मध्ये एकाच वेळी चाललेले क्रिकेटचे कितीतरी सामने. एका सामन्याचा लाँग ऑन दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटला पाठ लावून उभा असे. चेंडू कोणाचा, यावरून वाद होत आणि टेनिसचा चेंडू असल्यामुळे ते लवकर मिटतही. मामा घरून निघताना एवढेच बजावीत, "ऊन तापायच्या आत परत या." आम्हांपैकी एकानेही गोल्फची काठी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती.

४/ गोल्फ म्हटले की आपल्या मनात श्रीमंतांचा, कुंपणातला खेळ येतो. या खेळाचा जन्म मात्र कुंपणाबाहेरचा आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधोमध वाळूची, खुरट्या गवताची पट्टी असते. तिला तेथे 'लिंक्स' म्हणतात. नांगराला निरुपयोगी, म्हणून ती गावाची सामाईक जमीन. आपल्या भाषेत गायरानच म्हणा. तेथे मेंढ्या चरत, कोळी जाळी वाळवीत, बायका कपडे वाळत घालीत आणि लोक काठीने चेंडू मारीत.

५/ हा खेळ इतका लोकप्रिय झाला की १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने त्यावर बंदी घातली. कारण असे, की तरुणांनी धनुर्विद्येचा सराव करावा, ते चेंडूमागे धावतात! सेंट अँड्र्यूज या गावी १५५२ मध्ये आर्चबिशपाच्या सनदेने नागरिकांचा लिंक्सवर खेळण्याचा हक्क मान्य केला. त्याच सनदेत त्या जमिनीवर ससे पाळण्याचा हक्क आर्चबिशपाने स्वतःकडे घेतला होता. एकाच भूमीवर अनेकांचे हक्क, ही कल्पना आपल्या गावगाड्याला अपरिचित नाही.

६/ पुढे हेच ससे संकट ठरले. १७९७ मध्ये कर्जबाजारी झालेल्या नगरसभेने लिंक्सची जमीन सोडली आणि ती सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या हाती गेली. खेळाडू आणि व्यापारी यांचा झगडा वर्षानुवर्षे चालला. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळ वाचवला. शेवटी १८९४ मध्ये संसदेच्या कायद्यान्वये ती पुन्हा नगराच्या ताब्यात आली. तेथील जुन्या मैदानावर आजही एरवी रविवारी खेळ बंद असतो आणि गावकरी त्यावरून खुशाल फिरतात.

७/ पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँड उद्यानात अमेरिकेतील पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान सुरू झाले. पाश्चात्त्य देशांत पिढ्यान् पिढ्या मुले अशा नगरपालिकेच्या मैदानांवर वाढली. वडिलांची जुनी काठी, थोडे शुल्क आणि उन्हाळ्याची लांबलचक संध्याकाळ. आपल्याकडे मुलांच्या आठवणीत गल्लीतल्या क्रिकेटला जे स्थान, ते त्यांच्याकडे या मैदानांना आहे.

८/ मग हिंदुस्थानात हा खेळ कुंपणात कसा शिरला? येथे तो सामाईक जमिनीवर उगवला नाही; साहेबाच्या सामानासोबत जहाजातून उतरला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. मुंबईचा १८४२ चा. म्हणजे पेशवाई बुडून पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती, तोच मुंबईत किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गोल्फचे चेंडू उडू लागले होते.

९/ त्या चेंडूचाही एक इतिहास आहे. आरंभी चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून चेंडू शिवत. तो महाग असे आणि पाण्यात भिजला की फाटे. १८४८ च्या सुमारास गट्टापर्चाचा चेंडू आला. गट्टापर्चा म्हणजे मलायाच्या जंगलातील झाडाचा घट्ट होणारा चीक. चेंडू स्वस्त झाला, टिकाऊ झाला आणि खेळ पसरला. स्कॉटलंडचा खेळ, मलायाचा चीक आणि दख्खनची जमीन. साम्राज्याचा नकाशाच जणू त्या मूठभर चेंडूत मावला होता.

१०/ दख्खनमध्ये खेळाला दोन गोष्टींनी हात दिला : छावणी आणि रेल्वे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला. १८१७ नंतर इंग्रजांचा अंमल कायम झाला आणि नगर लष्करी ठाणे बनले. नाशिकजवळ देवळालीची छावणी उभी राहिली. १८६० च्या दशकात थळ घाटातून रेल्वे वर चढली आणि मुंबईचा अंमलदार काही तासांत नाशिकच्या कोरड्या हवेत पोहोचू लागला. दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये पुरा झाल्यावर नगरही जाळ्यात आले.

११/ ब्रिटिशकालीन क्लबांच्या नामावळीत नाशिकसोबत एक भारदस्त नाव येते : रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब. 'रॉयल' ही उपाधी राजाच्या अनुमतीशिवाय लावता येत नसे. म्हणजे गोदाकाठचे हे क्षेत्र केवळ सिंहस्थाचे नव्हते, तर पश्चिम भारतातील गोऱ्या अंमलदारांच्या गोल्फचेही एक केंद्र होते. एकीकडे रामकुंडावर तर्पण आणि काही अंतरावर चेंडू खळग्यात पाडण्याची शर्यत, असे ते जग होते.

१२/ आता एक व्यावहारिक अडचण पाहा. अठरा खळग्यांच्या गोल्फ मैदानाला साधारण १०० ते २०० एकर जमीन लागते आणि खळग्याभोवती मऊ हिरवळ लागते. आमचा नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. पूर्वेकडील तालुक्यांत प्यायच्या पाण्याची भ्रांत, तेथे हिरवळ कोठून आणणार? कोरड्या प्रदेशातील छावण्यांनी तोड काढली. वाळूत तेल मिसळून ती खळग्याभोवती दाबून बसवीत. इंग्रजीत हिरवळीला 'ग्रीन' म्हणतात, म्हणून या तपकिरी वर्तुळांना 'ब्राउन' नाव पडले. स्कॉटलंडच्या खेळाला दख्खनने आपला रंग दिला तो असा.

१३/ या मैदानावर हिंदी माणूस नव्हता काय? होता, परंतु काठी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होती, हातात नव्हती. पिशवी वाहणारा तो कॅडी. चेंडू कोठे पडतो हे पाहण्यासाठी पुढे धावणाऱ्या पोऱ्याला साहेब लोकही हिंदुस्थानी शब्दानेच हाक मारीत : 'आगेवाला'. खेळात सर्वांच्या पुढे धावणारा आणि मानात सर्वांच्या मागे असणारा हा मुलगा इतिहासात निनावी राहिला.

१४/ क्रिकेटमध्ये या निनावी पोऱ्यांपैकी एकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे : पळवणकर बाळू. पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर ते खेळपट्टीची निगा राखीत आणि सरावात गोऱ्या फलंदाजांना चेंडू टाकीत. त्यांना फलंदाजीची संधी मात्र मिळत नसे. अस्पृश्यतेचा जाच वेगळाच. तोच माणूस पुढे देशातील पहिल्या श्रेणीचा गोलंदाज ठरला. गोल्फमध्ये असा दिवस यायला १९९१ उजाडले. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेला अली शेर त्या वर्षी इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला.

१५/ मैदान कोणाचे, हा प्रश्न मुंबईत फार आधी पेटला होता. एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी आणि हिंदू तरुण क्रिकेट खेळत. तेथेच गोरे अधिकारी घोड्यांवरून पोलो खेळू लागले. टापांनी खेळपट्ट्या उखडल्या. १८८१ पासून हिंदी खेळाडूंनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पुस्तक लिहून या लढ्याची हकीकत नोंदवली. स्वराज्याच्या चळवळीचा अभ्यास करताना आपण सभा आणि खटले वाचतो. मैदानासाठी केलेले हे अर्जही त्याच पंक्तीत बसवायला हवेत.

१६/ दुसरा मार्ग होता स्वतःच्या संस्था काढण्याचा. १९०६ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला हिंदी खेळाडू पाठवण्याचा विचार आकाराला आला तो याच जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांतून, दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने. 'जिमखाना' हा शब्दही मोठा गमतीचा. हिंदुस्थानी 'गेंदखाना' आणि इंग्रजी 'जिमनॅस्टिक्स' यांच्या मिश्रणातून तो घडला, असे साधारणतः मानतात. शब्द मिसळले, माणसांना मात्र बरीच वर्षे लागली.

१७/ आता नाशिकच्या मैदानाच्या दुसऱ्या नावाकडे वळू. २१ डिसेंबर १९०९. विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. बदली होऊन निघालेल्या जिल्हाधिकारी जॅक्सन याच्या सन्मानार्थ तो ठेवला होता. तेथे अनंत लक्ष्मण कान्हेरे या औरंगाबादेत शिकणाऱ्या तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेरे तेव्हा जेमतेम १८ वर्षांचे होते.

१८/ जॅक्सन हा संस्कृतचा जाणकार होता. त्याने जमवलेल्या लोकपरंपरांच्या टिपणांवरून गुजरात आणि कोकणच्या लोकविद्येचे ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. बाबाराव सावरकरांवरील खटल्यात प्रशासनाचा प्रमुख म्हणून त्याचा वाटा होता, आणि क्रांतिकारकांच्या रोषाचे ते मोठे कारण होते. विद्वत्ता आणि सत्ता एकाच माणसात नांदू शकतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यांतले एक पाहून दुसऱ्याकडे डोळेझाक करू नये.

१९/ म्हणजे आज एकाच भूमीला दोन नावे आहेत. एक साहेबाच्या खेळाचे, दुसरे साहेबाच्या सत्तेवर पिस्तूल रोखणाऱ्या तरुणाचे. पाटीवर हुतात्मा आणि बोलण्यात क्लब. यात हुतात्म्याचा अनादर आहे, असे मला वाटत नाही. पाटीवरचे नाव आपण काय स्मरावे हे सांगते आणि जिभेवरचे नाव पूर्वी येथे काय होते हे सांगते. इतिहासाला दोन्ही साक्षी हव्या असतात.

२०/ नगरकरांना हा अनुभव नवा नाही. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्या रणभूमीवर बाग व पुढे शहर वसवले. त्याच्या नावावरून अहमदनगर. २०२४ मध्ये अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. परंतु एसटीच्या खिडकीशी उभा राहणारा प्रवासी काल "एक नगर" म्हणत होता आणि आजही तेच म्हणतो. अधिकृत नावे कागदावर बदलतात. बोलीतली नावे आपल्या गतीने चालतात.

२१/ आमच्या शहरात मोकळ्या जागेचा इतिहासही असाच थरांचा आहे. निजामशाहीत फराहबाग उभी राहिली, १५८३ च्या सुमारास पूर्ण झालेली, तलावाच्या मध्यावरील अष्टकोनी वास्तू. ती सुलतानाच्या विश्रांतीसाठी होती, रयतेसाठी नव्हे. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की तलवारीच्या द्वंद्वाची प्रथा अहमद निजामशहाच्या आवडीमुळे दख्खनेत फोफावली. तेव्हाही मोकळी जागा होती; मात्र तेथे कोण खेळणार हे दरबार ठरवीत असे. दरबार गेला आणि त्या जागी छावणी आली.

२२/ या थरांचे सर्वांत बोलके चित्र १९४२ चे आहे. ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना भुईकोट किल्ल्यात डांबले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी तेथे होते. अंगणातील रुक्ष माती खणून त्यांनी फुलझाडे लावली. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागत, हे नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या पहिल्याच प्रकरणात नोंदवले आहे. चांदबिबीच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैद्यांनी फुलवलेली बाग. जमीन कोणाची, या प्रश्नाला त्या अंगणाने दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते : जो राबतो, त्याचीही ती थोडी असते.

२३/ पुन्हा गोल्फ क्लब मैदानाकडे येऊ. आज तेथे रणजी करंडकाचे सामने होतात, राजकीय सभा होतात, मोर्चे जमतात, पहाटे ज्येष्ठ नागरिक चालतात. सेंट अँड्र्यूजच्या लिंक्सवर एके काळी जे चाले, तेच हे : एक जमीन, अनेकांचे हक्क. गोल्फ जन्मला तो सामाईक भूमीवर, आपल्याकडे आला तो कुंपण घालून. नाशिकमध्ये खेळ गेला, कुंपणाची सत्ता गेली आणि मैदानाला त्या खेळाच्या जन्मभूमीचा स्वभाव लाभला. गोल्फचा एकही फटका न मारता आम्ही मुले एका अर्थाने सार्वजनिक गोल्फ मैदानावरच वाढलो.

२४/ अनेक ठिकाणी असे घडले नाही. देवळालीच्या लष्करी ठाण्यातील गोल्फ मैदान लष्कराकडे आहे, आणि सुरक्षेच्या कारणास्तव ते समजण्यासारखे आहे. मुंबई-पुण्यातील जुनी गोल्फ मैदाने क्लबांकडे आहेत. त्यांच्यामुळे दाट वस्तीत झाडी टिकली, हे मान्य करायला हवे. पण भिंतीपलीकडच्या मुलाला ती हिरवळ केवळ दिसते. सावली सर्वांना आणि पाऊल ठेवण्याचा हक्क मोजक्यांना, ही व्यवस्था वासाहतिक काळातून आली आहे. तिचे नूतनीकरण दरवर्षी होते; फेरविचार क्वचित होतो.

२५/ हा केवळ स्मरणरंजनाचा विषय नाही. झहीर खान आमच्या श्रीरामपुरात लहानाचा मोठा झाला आणि मग मुंबईला गेला. तेथवर जाण्यापूर्वी प्रत्येक वेगवान गोलंदाजाला एक मोकळी जागा लागते, जेथे पंधरा-वीस पावले धावत येऊन चेंडू टाकता येतो. ती जागा शिकवणीच्या वर्गात नसते आणि दुमजली गाळ्यांतही नसते. तालुक्याच्या गावांत असे किती तुकडे उरले आहेत, हे प्रत्येकाने आपल्या गावात फिरून पाहावे. मैदान एकदा प्लॉट झाले की उताऱ्यावर त्याचे पुन्हा मैदान होत नाही.

२६/ म्हणून एक विनंती. आपल्या गावात 'पोलो ग्राउंड', 'रेसकोर्स', 'क्लब', 'जिमखाना', 'परेड ग्राउंड' किंवा 'छावणी' असे नाव उरले असेल, तर ते नुसते ऐकून सोडू नका. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. १८८३ चे नाशिकचे आणि १८८४ चे अहमदनगरचे गॅझेटियर चाळा. भूमापन खात्याचे जुने नकाशे आणि सिटी सर्व्हेचा उतारा एकमेकांशी ताडून पाहा. पूर्वी तेथे कोण खेळत होते, कोण चेंडू उचलत होते आणि आज कोण खेळते, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवा.

२७/ राजवाडे आणि किल्ले जपायला पुरातत्त्व खाते आहे. मैदानाला तसे कोणी नाही. ते रोज सकाळी तेथे जाणाऱ्या माणसांमुळे टिकते. त्यांची पावले थांबली की कुंपण घालायला वेळ लागत नाही. आपल्या गावच्या मैदानाचे जुने नाव आणि त्यामागची हकीकत या धाग्याखाली अवश्य लिहा. जिल्हावार नोंदी एकत्र करण्याचा विचार आहे.

धागा समाप्त.